शेवटून तिसरी

बुद्धप्रिया सोनकांबळेला माणूस लवकर कळायचा, आणि एकदा कळला की आवडेनासा व्हायचा. हिमायतनगरला वीज खात्यात ती कनिष्ठ अभियंता. वय चौतीस. लग्न करून बघितलं होतं. दोन वर्षांत नवराही कळला, आणि ती दोन बॅगा उचलून परत आली. तिच्या हाताखालचे लाइनमन पाठीमागं तिला 'अकरा केव्ही' म्हणायचे, म्हणजे जवळ जाऊ नका, हात लावला की कोळसा. हे तिला ठाऊक होतं. नाव बरं ठेवलंय, असं तिचं मत होतं.

हा गुण घरचाच. तिचे वडील साहेबराव, ती त्यांना दादा म्हणायची, नांदेडला राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. उमरीकडच्या एका खेड्यातला हा माणूस. त्यांच्या बापानं छप्पन सालानंतर गावकीची कामं टाकून दिली आणि पोराला उमरीच्या शाळेत पायी धाडलं. त्या शाळेत पहिला नंबर काढला तरच मास्तर नावानं हाक मारायचे. न्हाई काढला तर काय म्हणून मारायचे ते सांगायला नको. तेव्हापासून साहेबरावांचं एक वाक्य पक्कं झालं. "आपल्या माणसाला दुसरा नंबर परवडत न्हाई." पोरगी दहावीला शाळेत दुसरी आली तेव्हा त्यांनी निकाल बघितला, चष्मा पुसला आणि "पहिली कोण आली?" एवढंच विचारलं. पोरीनं नाव सांगितलं. मग दोघं जेवायला बसले.

असं असलं तरी बापलेकीचं जमायचं. म्हणजे कसं, तर तिसऱ्या माणसाला दोघांनी मिळून नावं ठेवायची. रविवारी ती नांदेडला आली की चहापासून जेवणापर्यंत नातेवाईक, साहेब, पुढारी, शेजारी असे एकेक सोलून निघायचे. आई भामाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अरे, जगात कुणी एक तरी धड हाय का तुमच्या हिशेबानं?" तर दोघं एकदमच म्हणायचे, "तू."

फक्त सायकलीच्या बाबतीत साहेबरावांनी लेकीलाही सोडलं नव्हतं. महागाची, पुढं-मागं शॉक असलेली, बटण दाबलं की सीट खाली जाणारी डोंगरातली सायकल तिनं घेतली तेव्हा ते सायकलीभोवती एक चक्कर मारून आले. "मी सायकल चालवली ती एस.टी.ला पैसे नव्हते म्हणून," ते म्हणाले. "तू पगार घालून गरिबी विकत आणून राहिलीस, इंजिनियर." लेकीला ते रागात 'इंजिनियर' म्हणत, आणि राग नेहमीचाच.

आता ही सायकल कुठून आली? हिमायतनगर सोडून किनवटकडं गेलं की डोंगर लागतो. डोंगरातून विजेचे खांब गेलेत, आणि तारांखाली माणूस जाईल एवढी वाट असते. पावसाळ्यात फॉल्ट शोधायला जीप तिथं जायची न्हाई. बाई एकदा चिडून लाइनमनची जुनी सायकल घेऊन गेली. जाताना ढकलत नेली, येताना बसून आली. दगडांवरून, मुळांवरून, दात वाजत, ब्रेकवर दोन बोटं ठेवून ती खाली आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपण कुणाचाच विचार केलेला न्हाई. उतारावर तिला कुणाचा राग येत नसे. हे सुख तिला दुसरं कुठंच मिळालं नव्हतं, आणि मग ती त्याच्यामागं लागली.

पण डोंगरात एकटी बाई पाय मोडून पडली तर उचलायला कोण? एवढ्याचसाठी तिनं दोन मित्र ठेवले होते. मित्र म्हणायचं आपलं.

पहिला दयानंद बिरादार. लातूरला याचे डॉक्टर-इंजिनियर करून देण्याचे क्लास. लातुरात क्लास काढणाऱ्यांचा काही तोटा न्हाई, पण याची गोष्ट वेगळी. चौकाचौकात याच्या क्लासचे फ्लेक्स, आणि पहिल्या आलेल्या पोरापेक्षा सरांचा फोटो तिप्पट मोठा. बोलायला लागला की समोर दोनशे पोरं बसलीत असंच बोलायचा. दुसरा उमाशंकर, देगलूरचा हाडांचा डॉक्टर. स्वभावानं गरीब, हाताला गुण असलेला, पण दयानंदानं उडी मार म्हटलं की विहिरीला पाणी हाय का हेसुद्धा न बघणारा. तिघांची ओळख लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत झाली. लातूर-नांदेड रस्त्यावर पहाटे चमकदार कपडे घालून जी मंडळी दिसतात ना, त्यातलीच ही.

एके दिवशी दयानंदानं मोबाइलवर व्हिडिओ बघितला. इटलीत कुठल्याशा समुद्रकाठच्या गावी डोंगरातल्या सायकलींची शर्यत, एन्ड्युरो म्हणतात तिला. हौशी माणसालाही घेतात. "चला!" म्हणाला. झालं. तिघांनी फी भरली, व्हिसा काढला, सुट्ट्या टाकल्या.

जायच्या आधीच लातूरच्या चौकात फ्लेक्स लागला. 'आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' निवड कसली डोंबलाची! पैसे भरले की कुणालाही घेत होते. पण आपल्याकडं माणूस निघायच्या आधी त्याचा सत्कार होतो. पोचला का, हे विचारायला मग कुणी जात न्हाई. शाल, श्रीफळ, हार, फोटो. साहेबरावांनाही बोलावणं होतं.

"निवड झाली का तुझी?" त्यांनी लेकीला विचारलं.

"न्हाई. फी भरली."

"मग सत्कार कशाचा?"

"दयानंदाच्या फोटोचा."

साहेबराव खो-खो हसले आणि गेले न्हाईत. बुद्धप्रियाही हार घालून घेतला की लगेच निघाली. तो हार तिनं बसस्टँडवरच्या गाईला घातला.

इटलीत पोचल्यापासून दयानंदानं जो काही तमाशा मांडला तो सांगत बसलो तर रात्र व्हायची. बॅगेत कपडे कमी आणि शेंगाची चटणी जास्त. तिथल्या कॉफीचा एवढासा कप बघून हॉटेलवाल्याला म्हणाला, "हे काय, लसीचा डोस देऊन राहिले का?" आणि दिवसातून चार वेळा मोबाइल समोर धरून लातूरला भाषण. उमाशंकर मागं उभा राहून हात हलवायचा. बुद्धप्रिया त्या चौकटीत येणार न्हाई अशा बेतानं बसायची.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गावच्या चौकात सगळ्या स्पर्धकांना नियम सांगायला बोलावलं होतं. हे दोघं गेले न्हाईत. नियम काय ऐकायचे, सायकल चालवायची, एवढंच ना! ते खोलीवर शेगडीवर पिठलं घोटत बसले. बुद्धप्रिया गेली. एका पोरसवदा बाईनं मोठ्या नकाशावर काठी ठेवून सगळं समजावलं. चार चढणी, चार उतार. चढण तुमची तुम्ही चढा. गप्पा मारा, ढकलत न्या, वाटेत थांबा. तिथं घड्याळ लागत न्हाई. घड्याळ लागतं ते फक्त उतारावर. मात्र वरच्या टोकाला ठरल्या वेळेच्या आत पोचला न्हाईत तर बाद.

तिनं परत येऊन पिठलं खाता खाता हे सांगितलं. "चढणीचा वेळ धरत न्हाईत. उद्या चढताना दम राखा."

दयानंदानं तोंडातला घास संपवला आणि तो वर्गात हसायचा तसा हसला. "मॅडम, वीस वर्षं मी स्पर्धेचीच पोरं तयार करून राहिलो. जगात अशी कुठली स्पर्धा असती का, ज्याच्यात कष्टाला मार्क न्हाईत? उतरायला काय, गाढव पण उतरतंय! जो पहिला पोचला तो पहिला."

"हाव, ते बी खरंच," उमाशंकर म्हणाला.

बुद्धप्रियानं दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई. एकदा सांगून कळत न्हाई त्याला दोनदा सांगायची तिच्या घरची पद्धत नव्हती. उलट, खरं बोलायचं तर, उद्या काय होणार हे डोळ्यांपुढं आणून तिला बरंच वाटलं, आणि पिठलं तिनं आणखी मागून घेतलं.

सकाळी शिट्टी झाली आणि हे दोन वीर उधळले. बाकीची शे-सव्वाशे माणसं, गोरी, उंच, दांडगी, निवांत चालली होती. कुणी सायकल हातात धरून ढकलत होतं, कुणी केळं खात होतं. एक पोट सुटलेला म्हातारा तर गाणं म्हणत होता. त्यांच्यातून हे दोघं घामाघूम, "साइड! साइड!" ओरडत, दात-ओठ खाऊन पेडल मारत वर. माणसांनी हसत वाट दिली. कुणी टाळ्याही वाजवल्या. दयानंदाला वाटलं, हार मानली यांनी.

बुद्धप्रिया मागं म्हाताऱ्याबरोबर ढकलत येत होती. तेव्हा वर दयानंदानं काय मांडलं होतं ते तिनं नंतर मोबाइलवर बघितलं. क्लासचं घडी केलेलं बॅनर त्यानं कुंपणाला बांधलं होतं आणि मोबाइलसमोर तो उभा होता. "मित्रांनो, आत्ता या क्षणाला शंभराच्या वर गोरे मागं टाकून आपला लातूर-नांदेडचा संघ पहिला पोचलेला हाय! माझ्या मागं बघा, कुणी दिसून राहिलंय का?" मागं खरंच कुणी दिसत नव्हतं. ते सगळे खाली केळं खात होते.

मग तिथल्या माणसानं त्याला खुणेनं बसवलं. उतारावर एकेकाला सोडणार होते, आणि याची पाळी यायला अजून बराच वेळ होता. तासभर तो वाऱ्यात बसला, घाम अंगावरच वाळला, आणि त्याच्या पिंढऱ्या अशा आवळून आल्या की उभं राहताना त्यानं उमाशंकरच्या खांद्याला धरलं.

पुढचं काय सांगावं! उमाशंकर पहिल्याच उतारावर, पहिल्याच मोठ्या दगडाशी पुढचा ब्रेक करकचून दाबून सायकलीच्या डोक्यावरून गेला. पडल्या जागी हाडांच्या डॉक्टरनं आपल्याच खांद्यावर बोट फिरवलं, कॉलरबोन गेलं असं निदान केलं, आणि मग "अय्यो! अय्यो!" म्हणून बोंब ठोकली. दयानंद पहिला उतार सायकल बगलेत धरून पायी उतरला. गाढव पण उतरतंय, असं हाच काल म्हणाला होता. दुसऱ्या चढणीला पायात गोळे आले, वेळेत वर पोचला न्हाई, आणि त्याला गाडीत बसवून खाली आणला. बुद्धप्रियाला हे वाटेत कळलं. ती हसली, मनापासून हसली, आणि पुढं निघाली.

आता ती एकटीच उरली होती.

ती काही फार भारी चालवत होती असं नव्हे. तिथली पोरं दगडांवरून अशी जात होती की जणू त्यांना हाडंच न्हाईत. ती आपली किनवटच्या तारांखाली शिकलेली, ब्रेकवर दोन बोटं, जीव मुठीत. दोनदा पडली, कोपर सोलून निघालं. प्रत्येक चढणीला वेळ संपायच्या बेतात वर पोचायची. पण पोचायची.

चौथा उतार समुद्राकडं जाणारा. मधे जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडांतून दगडी पायऱ्यांसारखा एक तुटका कडा होता, आणि त्याच्या शेजारून भित्र्यांसाठी वळसा घालणारी सोपी वाट. वळसा घेतला तर वेळ जातो, बाकी काही न्हाई. तिच्या पुढच्या दोघांनी वळसाच घेतला. बुद्धप्रिया कड्याच्या तोंडाशी एक पाय टेकवून उभी राहिली. खाली बघून तिनं ब्रेक आणखी घट्ट धरले. आपल्या ओळखीचं इथं कुणी न्हाई. वळसा घेतला तर कुणाला कळणार? पण हा प्रश्न दयानंदाचा हाय, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. तिनं सीट खाली घेतली, ढुंगण मागं टाकलं आणि ब्रेक सोडला.

खाली आल्यावर तिला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. गाणारा म्हातारा तिच्या आधी येऊन बसला होता, त्यानं तिला अर्धं केळं दिलं. शेवटपर्यंत पोचलेल्यांत ती शेवटून तिसरी होती. तिला वाटलं, हे एकाच माणसाला सांगायचं. तो विचारील, 'पहिली कोण आली?' विचारू दे. त्याला सगळं सांगायचं, कडा, भीती, वळसा, सगळं. मग दोघं मिळून दयानंदाला सोलू.

फोन भामाबाईंनी उचलला. मागं लई गलका.

"अगं, इथं गल्ली जमली! दयानंदरावांचं ते मोबाइलवर आलं सगळीकडं. तुमचा नंबर आला म्हणे पहिला! तुझे दादा दुकानातून पेढे घेऊन आले, दारोदार वाटून आत्ताच घरात आलेत. अंगात लग्नातला कोट घातलाय माणसानं या उकाड्यात. थांब, देते."

मग साहेबरावांचा आवाज. तो त्यांचा वाटेना. "बाळा," ते म्हणाले. चौतीस वर्षांत हा शब्द तिनं ऐकला नव्हता. "बाळा, पहिला नंबर. परदेशात. माझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं गं." "जय भीम," म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

बुद्धप्रिया केळ्याचं साल हातात धरून बसून राहिली. जन्मभर ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि ते मिळालं दयानंदाच्या थापेवर. त्याच वेळी फोन करून खरं सांगायचं होतं. तिच्यानं झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. तो एक शब्द परत करायची तिची छाती होईना.

दयानंदाला मात्र तिनं त्याच दिवशी गाठलं. "तो व्हिडिओ काढून टाका. खरं काय ते सांगा."

"खोटं कुठं हाय त्यात?" तो गाडीत मिळालेलं सँडविच खात होता. "मी जिंकलो म्हणालो का? पहिला पोचलो म्हणालो. पोचलो का न्हाई? लोकांनी काय समजायचं ते समजलं. आता पालकांचे फोन येऊन राहिलेत, मॅडम, ॲडमिशनचा सिझन हाय."

"अय्यो, राहू द्या ना," उमाशंकर गळ्यात झोळी बांधून म्हणाला. "पडलो म्हणून सांगितलं तर देगलूरला माझ्याकडं हाड बसवायला कोण येईल?"

परत आल्यावर लातूरला सत्कार. या वेळचा फ्लेक्स पहिल्याच्या दुप्पट. 'इटली जिंकून आलेल्या वीरांचे सहर्ष स्वागत!' मधे दयानंद, डावीकडं उमाशंकर, झोळी फोटोतून पुसून टाकलेली, आणि उजव्या कोपऱ्यात बुद्धप्रिया. क्लासचा हॉल पोरांनी, पालकांनी गच्च. ढोल-ताशा, फुलं, सगळं. ती येणारच नव्हती. पण आईनं सांगितलं, "तुझे दादा सकाळच्या पहिल्या बसनं लातूरला गेले." हे ऐकल्यावर तिनं हिमायतनगरहून जीप काढली.

पहिल्या रांगेत साहेबराव बसले होते. तोच कोट. 'विजेत्या कन्येचे पिताश्री' म्हणून सूत्रसंचालकानं त्यांना उभं केलं, हार घातला. आयुष्यभर दुसऱ्याच्या सत्काराला नाकं मुरडणारा हा माणूस हार गळ्यात ठेवून बसला. बाकीच्यांनी लगेच काढून मांडीवर ठेवले होते. याला काढायचं सुचत नव्हतं. लेकीनं व्यासपीठावरून ते बघितलं आणि तिला वाटलं, गप्प बसावं. एक दिवस गप्प बसायला काय जातं? कुणाचं काय नुकसान? मग तिला कळलं की उद्यापासून दर रविवारी त्यांच्यासमोर बसून ती काय बोलणार होती. कुणाला नावं ठेवायचा हक्क तिला राहणार होता?

दयानंद अर्धा तास बोलला. मग मॅडमना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

"दोनच बोलते," बुद्धप्रिया म्हणाली. माइक किंचाळला. "ही शर्यत उतरायची होती. चढायची नव्हती. बिरादार सर चढण पहिले चढले, त्याला तिथं कुणी मोजत न्हाई. उतार त्यांना उतरता आला न्हाई. डॉक्टर पहिल्याच उतारावर पडले, ते शेवटाला गेलेच न्हाईत. मी गेले. शेवटून तिसरी आले. पहिला नंबर बिंबर काही न्हाई."

आता भांडं फुटलं, असं तिला वाटलं. पण दयानंद कसला लेकाचा! त्यानं पुढं होऊन माइक घेतला, डोळे ओले केले आणि म्हणाला, "बघा! याला म्हणतात विनम्रता! एवढं यश मिळवून ही भगिनी म्हणती, मी शेवटून तिसरी! पोरांनो, हे शिका!" टाळ्यांचा कडकडाट. पोरं उभी राहिली. कुणी तरी शिट्टी मारली. विनम्रतेबद्दल मॅडमना आणखी एक शाल आली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. खरं सांगितलं आणि ते कुणाच्याही अंगाला लागलं न्हाई.

एका माणसाच्या लागलं होतं. साहेबराव उठले. गळ्यातला हार काढला, खुर्चीवर ठेवला, आणि कुणाकडं न बघता मधल्या वाटेनं बाहेर गेले. टाळ्या चालूच होत्या.

बुद्धप्रियानं शाल तिथंच टाकली. जीप ड्रायव्हरच्या हवाली केली आणि ती बसस्टँडला धावली. नांदेडची गाडी लागलेली होती. साहेबराव खिडकीशी बसले होते, कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून. ती शेजारी बसली. गाडी सुटली, लातूर मागं पडलं. अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी खिडकीतून शेंगा घेतल्या आणि पुडी दोघांच्या मधे ठेवली.

"फोनवर का न्हाई सांगितलं?" लोह्याच्या अलीकडं ते म्हणाले.

"तुम्ही बाळा म्हणालात."

साहेबरावांनी बराच वेळ शेंगा सोलल्या. खाल्ल्या न्हाईत, नुसत्या सोलल्या.

"तो बिरादार मूर्ख हाय," ते म्हणाले.

"लई."

"आणि ते टाळ्या वाजवणारे?"

"ते बी."

"आणि मी पेढे वाटले. मी कोण?"

ज्या माणसाच्या भीतीनं ती जन्मभर ताठ राहिली होती त्याची तिला माया आली, इतकी की त्याच्या कोटाच्या बाहीला हात लावावासा वाटला. लावला न्हाई.

"नीट सांग," साहेबराव मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले. "काय नियम होता? चढणीला मार्क न्हाईत?"

"न्हाईत."

"अजिबात?"

"अजिबात."

"आणि चढलंच न्हाई तर?"

"तर उतरू देत न्हाईत. ठरल्या वेळेत वर पोचावंच लागतं. मगच मोजायला सुरुवात करतात."

साहेबराव खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कापसाची रानं मागं चालली होती. "उमरीच्या शाळेत असंच होतं. आधी पहिला नंबर, मग नाव," ते म्हणाले. मग विचारलं, "तू सगळ्या चढणी चढलीस?"

"सगळ्या. काही ढकलत."

"आणि उतरलीस? बसून?"

"दोनदा पडले. पण बसून. शेवटी एक कडा होता, लोक वळसा घालत होते. मी न्हाई घातला."

"भीती वाटली?"

"लई."

कंडक्टर नांदेड, नांदेड म्हणत पुढून मागं गेला. साहेबरावांनी सोललेले दाणे लेकीच्या तळहातावर ओतले आणि कोटाची वरची गुंडी काढली.

"उद्या गल्लीत फिरून सांगतो," ते म्हणाले.

"काय सांगता, दादा?"

"शेवटून तिसरी आली म्हणून. दारोदार."

"लोक हसतील."

"हसतील तर हसू दे. पेढे खाल्लेत भाड्यांनी. ऐकून घ्यावं लागंल."